फोटो जड, रेंज कमी : ई-पीक पाहणी, अर्जाची कागदपत्रे आणि नुकसानीचे फोटो कमी नेटवर कसे पाठवावेत? वाचा सविस्तर

मोडनिंब : गावात टॉवर आहे, पण वस्तीवर रेंज नाही. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढला की स्क्रीनवर चक्र फिरत राहतं, पाच मिनिटं जातात आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' असा मेसेज येतो. माढा तालुक्यातच नव्हे, तर राज्यातल्या बहुतेक वाड्या-वस्त्यांवर हा अनुभव नेहमीचा आहे. सगळे सर्व्हरला नावं ठेवतात. काही वेळा सर्व्हरचाच दोष असतो हेही खरं. पण बऱ्याच वेळा अडचण फाईलच्या साईजची असते. चार एमबीचा फोटो बारीक नेटवरून ढकलायचा म्हणजे उसाची भरलेली ट्रॉली पाणंदीतून काढण्यासारखं आहे.

फाईल लहान कशी करायची, कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, याची माहिती या लेखात दिली आहे.

एका नोंदीची किंमत किती?

पूर्वी पीक पाहणी तलाठी करायचे आणि गाव नमुना १२ मध्ये नोंद व्हायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून पिकाची नोंद करायची पद्धत आली. आता केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेला जोडलेलं 'ई-पीक पाहणी डीसीएस' हे ॲप वापरात आहे. त्यात पिकाचा फोटो शेतातूनच काढावा लागतो. गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या बाहेर उभं राहून काढलेला फोटो चालत नाही.

ही नोंद राहिली तर काय होतं, हे कांदा उत्पादकांनी २०२३ साली पाहिलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. मर्यादा २०० क्विंटलची होती, म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ७० हजार रुपये. त्यात सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद असावी अशी अट होती. कांदा पिकवला, विकला, पट्टी हातात आहे, पण सातबाऱ्यावर कांदा नाही, असे बरेच शेतकरी अडकले. नंतर गावपातळीवर समिती नेमून खात्री करण्याचा मार्ग काढावा लागला.

२०२३ च्या खरिपातील सोयाबीन आणि कापसाच्या मदतीतही तेच झालं. ०.२ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट एक हजार आणि त्यापुढे हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी ती मदत होती. तिलाही आधार ई-पीक पाहणीच्या नोंदीचाच धरला गेला. म्हणजे फोटो अपलोड न होणं ही वाटते तेवढी किरकोळ गोष्ट नाही.

केबी, एमबी म्हणजे किती?

फाईलचं वजन केबी आणि एमबीत मोजतात. साधारण १,००० केबी म्हणजे एक एमबी. नेटचा वेग मात्र केबीपीएस आणि एमबीपीएस यात सांगतात आणि तो 'बिट'मध्ये असतो. फाईल 'बाईट'मध्ये असते. ८ बिटचा एक बाईट होतो. त्यामुळे १०० केबीपीएस वेग असेल तर सेकंदाला १०० केबी जात नाहीत, फक्त साडेबारा केबी जातात. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

मोबाईलवर वर '४जी'ऐवजी 'ई' दिसत असेल तर वेग साधारण १०० केबीपीएसच्या आसपास धरावा. त्या वेगाने लागणारा वेळ असा :

• ४ एमबीचा फोटो – ५ मिनिटं २० सेकंद
• ५०० केबीची फाईल – ४० सेकंद
• २०० केबीची फाईल – १६ सेकंद
• १०० केबीची फाईल – ८ सेकंद

हा हिशेब रेंज एकसारखी राहिली तरचा आहे. प्रत्यक्षात ती मधेच तुटते. बरीच पोर्टलं आणि ॲप ठराविक वेळ वाट पाहतात आणि काम बंद करतात. मग पहिल्यापासून सुरुवात. चार एमबीच्या फोटोतले तीन एमबी गेले आणि लाईन तुटली, तर ते तीनही एमबी वाया जातात. पॅकमधला डेटा मात्र खर्च होतो.

आणखी एक गोष्ट. व्हिडिओ नीट चालतोय म्हणजे फोटो अपलोड होईलच असं नाही. टॉवरची ताकद मोठी असते, तो मोबाईलपर्यंत सहज पोहोचतो. मोबाईलची ताकद कमी असते, त्याचा सिग्नल टॉवरपर्यंत पोहोचायला कष्ट पडतात. म्हणून डाऊनलोडपेक्षा अपलोड बहुतेक वेळा हळू असतं.

पिकाचाच फोटो एवढा जड का?

१२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा असतो, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. तोच फोटो १,६०० बाय १,२०० केला की ठिपके एकोणीस लाखांवर येतात, म्हणजे सहावा हिस्सा. मोबाईलच्या स्क्रीनवर दोन्ही फोटो सारखेच दिसतात.

फोटो साठवायची जेपीजी ही पद्धत डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळून टाकते. एका रंगाची भिंत किंवा मोकळं आभाळ असेल तर गाळायला खूप मिळतं, फोटो हलका होतो. ज्वारी, मका, डाळिंबाची बाग यांच्या फोटोत पान न् पान वेगळं, त्यामुळे गाळायला कमी मिळतं. म्हणून त्याच मोबाईलने काढलेला पिकाचा फोटो भिंतीच्या फोटोपेक्षा जड भरतो.

आधी ओळखा : फाईल कोणत्या प्रकारची आहे?

सगळ्या फोटोंना एकच नियम लावला की घोटाळा होतो. सरकारी कामात तीन प्रकारच्या फाईली येतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

१. ॲपच्या आत काढलेला फोटो. हा आपल्या हाताने लहान करता येत नाही. तिथे जागा आणि वेळ निवडायची.
२. पोर्टलवर जोडायचं कागदपत्र. हे लहान करायचं, पण वाचता येईल इतकंच.
३. नुकसानीचा पुरावा म्हणून काढलेला फोटो. मूळ फोटो तसाच ठेवायचा, पाठवायला त्याची लहान प्रत करायची.

प्रकार पहिला : ॲपमधला फोटो

ई-पीक पाहणीत गॅलरीतला जुना फोटो चालत नाही. कॅमेरा ॲपमधूनच उघडतो आणि फोटोसोबत अक्षांश-रेखांश घेतले जातात. रोजगार हमीच्या कामावरच्या हजेरीचंही तसंच. १ जानेवारी २०२३ पासून ही हजेरी एनएमएमएस ॲपवर फोटोसह घेणं बंधनकारक झालं. तिथे फोटोवरून फोटो काढण्याचे प्रकार घडले आणि २०२५ मध्ये केंद्राला तपासणीच्या सूचना काढाव्या लागल्या. त्यामुळे अशा ॲपमध्ये शॉर्टकट शोधू नये. पुढील काळजी घ्यावी :

• निघण्यापूर्वी गावात किंवा घरी, जिथे रेंज आहे तिथे ॲप उघडावं. ॲप अपडेट मागत असेल तर तिथेच करून घ्यावं. खातेदाराचं नाव, खाते नंबर, गट नंबर बरोबर दिसतो का हे बघून घ्यावं.

• लोकेशनला नेट लागत नाही. जीपीएसचा सिग्नल उपग्रहावरून येतो. नेट नसेल तर जागा सापडायला थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. झाडाखाली किंवा शेडमध्ये उभं न राहता मोकळ्या आभाळाखाली दोन मिनिटं थांबावं. मोबाईलमधली 'लोकेशन ॲक्युरसी' चालू ठेवावी.

• शेतात रेंज नसेल तर माहिती भरून, फोटो काढून नोंद मोबाईलमध्ये साठवावी आणि रेंजमध्ये आल्यावर 'अपलोड' करावी. फोटो शेतात काढायचा, पाठवायचा मात्र गावातून, हे लक्षात ठेवलं की निम्मा त्रास वाचतो.

• नोंद अपलोड झाली नसेल तोपर्यंत ॲप काढून टाकू नये आणि सेटिंगमध्ये जाऊन 'क्लिअर डेटा' करू नये. ॲप हँग झालं की पुन्हा इन्स्टॉल करायची सवय अनेकांना आहे. तसं केलं की साठवलेली नोंद पुसली जाते आणि पुन्हा शेतात जावं लागतं.

• अपलोड पहाटे किंवा सकाळी लवकर करावं. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव मोबाईलवर असतं, त्यामुळे एकाच टॉवरचा वेग सगळ्यांत वाटला जातो. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत तर टॉवर आणि सर्व्हर दोन्हींवर ताण येतो. २०२५ च्या खरिपात मुदत वाढवून मिळाली, पण दरवर्षी मिळेल या भरवशावर राहू नये.

• अपलोड करताना फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद ठेवावा. गुगल फोटोमध्ये मोबाईल डेटावर बॅकअप चालू असेल तर आपण पिकाचा फोटो पाठवत असताना मागे लग्नाचे व्हिडिओही वर चढत असतात. प्ले स्टोअरचं ऑटो अपडेटही 'फक्त वायफाय'वर ठेवावं.

अपलोड झालं असं ॲपने सांगितलं तरी काम संपलं असं समजू नये. ॲपमधल्या गावच्या खातेदारांच्या पीक पाहणीच्या यादीत आपली नोंद आली का ते पाहावं आणि नंतर सातबाऱ्यावर पीक चढलं का तेही पाहावं. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या क्षेत्राची नोंद पीक पाहणी सहायक करतो. वस्तीवर रेंज नसल्याने नोंद राहिली असेल तर त्याला किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्यांना वेळेत सांगावं.

प्रकार दुसरा : पोर्टलवर जोडायची कागदपत्रं

इथे साईजची मर्यादा पोर्टलच घालून देतं. महाडीबीटीच्या शेतकरी योजनांना कागदपत्र साधारण १५ ते ५०० केबीमध्ये लागतं. आपले सरकार पोर्टलवर नोंदणीचा फोटो १६० पिक्सेल रुंदीचा आणि ५ ते २० केबीचा मागतात. या मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना अपलोडच्या बटणाजवळ जे लिहिलं असेल तेच खरं मानावं. मर्यादेपेक्षा फाईल लहान झाली तरी ती नाकारली जाते, हेही अनेकांना माहीत नसतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कागदाचा फोटो काढायचाच नाही. डिजिटल सहीचा सातबारा आणि ८-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून डाऊनलोड करता येतो. सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. ती पीडीएफ अक्षरांची असते, चित्राची नसते, म्हणून हलकी असते आणि मोठी करून पाहिली तरी अक्षर फाटत नाही. तोच सातबारा छापून, त्याचा फोटो काढून, फोटोची पीडीएफ केली की वजन कित्येक पटीने वाढतं आणि अक्षर पुसट होतं. आधार कार्ड डिजिलॉकरमधून घेता येतं.

पासबुक, भाडेपट्टा, जुनं खरेदीखत अशा कागदांचा फोटो काढावाच लागतो. तेव्हा असं करावं :

• कागद सपाट जागी, उजेडात ठेवावा. आपली सावली पडू देऊ नये. फोटो हलला की तो लहान केल्यावर काहीच वाचता येत नाही.

• साध्या कॅमेऱ्याऐवजी गुगल ड्राइव्हमधला 'स्कॅन' पर्याय वापरावा. तो कागदाच्या कडा पकडतो, बाजूची सतरंजी आणि टेबल कापून टाकतो. नुसत्या कडा कापल्या तरी साईज बरीच उतरते.

• शिक्का रंगीत दिसणं गरजेचं नसेल तर काळा-पांढरा पर्याय निवडावा. काळ्या अक्षराच्या कागदाला रंगीत स्कॅनची गरज नाही.

• गॅलरीत फोटो उघडून 'एडिट'मध्ये 'रिसाईज' असेल तर तो वापरावा. हा पर्याय सगळ्या मोबाईलमध्ये नसतो. नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोची साईज कमी करूनच फोटो काढावा आणि काम झाल्यावर सेटिंग पूर्ववत करावं.

• फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर साध्या क्वालिटीत पाठवून परत सेव्ह केला तरी तो बराच हलका होतो. व्हॉट्सॲप फोटो पाठवण्याआधी मोबाईलमध्येच लहान करतं. मात्र 'एचडी' निवडलं किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर हा उपयोग होत नाही.

• काही मोबाईल जागा वाचवण्यासाठी फोटो 'एचईआयसी' प्रकारात साठवतात. पोर्टलला जेपीजी किंवा पीडीएफ लागते. साईज बरोबर असूनही फाईल घेत नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशिएन्सी' बंद करून फोटो पुन्हा काढावा.

• एकच फोटो पुन्हा पुन्हा लहान करू नये. प्रत्येक वेळी जेपीजी बारकावे गाळते. चौथ्या-पाचव्या वेळी ३ चा ८ दिसू लागतो. साईज बसली नाही तर मूळ फोटोवरून नव्याने करावी.

शेवटची तपासणी स्वतः करावी. लहान केलेली फाईल उघडून दोन बोटांनी मोठी करावी. खाते नंबर, आयएफएससी कोड, गट नंबर आणि नाव वाचता आलं तरच जोडावी. साईजमध्ये बसली म्हणून पोर्टल फाईल घेतं, पण तपासणाऱ्याला अक्षर लागलं नाही तर अर्ज परत येतो. तोपर्यंत मुदत संपलेली असू शकते.

साईज कमी करणाऱ्या वेबसाईटपासून जरा जपून

'पीडीएफचे केबी कमी करा' असं शोधलं की ढीगभर वेबसाईट येतात. त्यांचा कमी रेंजमध्ये फारसा फायदा नाही. फाईल लहान होते ती त्यांच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे आधी मोठी फाईल आपल्याच नेटवरून वर पाठवावी लागते. जी गोष्ट होत नव्हती तीच आधी करायची. शिवाय आधार, पासबुक, सातबारा अनोळखी ठिकाणी जातो. हे काम मोबाईलमध्येच, नेट बंद ठेवूनही होतं. तिथेच करावं. जमत नसेल तर गावातल्या महा ई-सेवा केंद्रात करून घ्यावं आणि काम झाल्यावर आपली फाईल तिथल्या कॉम्प्युटरवरून पुसायला सांगावी.

प्रकार तिसरा : नुकसानीचे फोटो

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि माढा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत उभी पिकं पाण्याखाली गेली. अशा वेळी वीज नसते, मोबाईलला चार्जिंग नसतं, रेंजही जाते. पंचनामा अधिकाऱ्यांनी करायचा असतो, पण ते येईपर्यंत पाणी ओसरतं. म्हणून शेतकऱ्याकडचे फोटो पूरक पुरावा म्हणून कामाला येतात.

इथे मूळ फोटोला हात लावू नये. लोकेशन चालू ठेवून काढलेल्या मूळ फोटोत तारीख, वेळ आणि जागा दडलेली असते. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या किंवा लहान केलेल्या फोटोत ही माहिती बहुतेक वेळा उरत नाही. चांगल्या हेतूने लहान केलेला फोटो नंतर कधीचा आणि कुठला हे सांगता येत नाही.

• एका गटाचे चार-पाच फोटो पुरेत. एक लांबून, त्यात बांध, विहीर, डीपी, घर अशी ओळखीची खूण यावी. दोन जवळून, त्यात पिकाची हालत दिसावी. एकाच कोपऱ्याचे पन्नास फोटो काढून कोणालाच उपयोग होत नाही.

• व्हिडिओ टाळावा. चांगल्या क्वालिटीतला एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या घरात जाऊ शकतो. काढायचाच असेल तर क्वालिटी कमी करून दहा-पंधरा सेकंदांचा काढावा.

• ग्रुपवर किंवा अधिकाऱ्यांना पाठवायला लहान प्रत वापरावी. सोबत गाव, गट नंबर, पीक आणि तारीख लिहून पाठवावी. हा मेसेज काही केबीतही नसतो, तो कसल्याही रेंजमध्ये जातो. फोटो मागाहून गेला तरी चालतो.

• मूळ फोटो मोबाईलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. शक्य असेल तर मेमरी कार्डवर किंवा घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर प्रत घ्यावी. मदत खात्यावर जमा होईपर्यंत पुसू नयेत.

सर्व्हे करणाऱ्या गट, कंपन्या, ग्रामपंचायतींसाठी

शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, संस्था गावात मोबाईलवर सर्व्हे करतात. त्यासाठी 'ओडीके कलेक्ट' किंवा 'कोबो कलेक्ट' ही फुकटची ॲप वापरता येतात. दोन्ही नेटशिवाय फॉर्म भरून घेतात आणि रेंज आली की पाठवतात. ओडीकेच्या सेटिंगमध्ये फोटोची साईज ठरवता येते. सुरुवातीला ती मूळ कॅमेऱ्याइतकीच असते. ती 'स्मॉल' म्हणजे १,०२४ पिक्सेलवर आणता येते.

फरक किती पडतो ते पाहा. दोनशे घरांचा सर्व्हे, घरटी एक फोटो. चार एमबीप्रमाणे ८०० एमबी होतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला निम्म्याहून जास्त डेटा संपतो. तोच फोटो दोनशे केबीचा केला तर सगळे मिळून ४० एमबी होतात. फॉर्म तयार करणाऱ्यानेच साईजची मर्यादा घालून दिली तर गावात फिरणाऱ्या मुलींना प्रत्येक फोटोमागे थांबावं लागत नाही. आणि प्रत्येक प्रश्नाला फोटो मागण्याआधी तो फोटो कोण बघणार, हे एकदा विचारून घ्यावं. लागत नसेल तो फोटो न काढणं, ही साईज कमी करायची सगळ्यात चांगली पद्धत आहे.

थोडक्यात, घरात चिकटवून ठेवण्यासारखं

• ॲपमधला फोटो : शेतात काढा, साठवा, रेंजमध्ये येऊन पाठवा. पाठवेपर्यंत ॲप पुसू नका.
• कागदपत्र : शक्यतो डिजिटल प्रत घ्या. नाहीतर स्कॅन करा, कडा कापा, काळं-पांढरं करा आणि मोठं करून वाचून बघा.
• नुकसानीचा फोटो : मूळ जपा, लहान प्रत पाठवा, सोबत गट नंबर लिहा.
• वेळ : सकाळी लवकर. मुदतीचा शेवटचा दिवस गाठू नका.
• पावती : अपलोड झाल्याचा स्क्रीनशॉट आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा. उद्या कोणी नोंद नाही म्हणालं तर दाखवायला तोच लागतो.